माऊस कुणाच्या हातात?

तुमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबबाहेरचा चपलांचा ढीग डोळ्यांसमोर आणा. लायब्ररीत चपला चालतात, प्रिन्सिपॉल सरांच्या केबिनमध्ये चालतात, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तर घालाव्याच लागतात. पण कॉम्प्युटर लॅबच्या दारात मात्र पाटी असते, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. देवळानंतर हा मान आपल्याकडे कॉम्प्युटरलाच. कारण धूळ हे आहे, मान्य. पण आत गेल्यावरही वातावरण गाभाऱ्यासारखंच असतं की. मॉनिटरवर कापडी कव्हर, भिंतीवर पेन ड्राइव्हला सक्त मनाई, कुठल्या तरी कोपऱ्यात बीप बीप करणारा यूपीएस, आणि 'कुणी काही हात लावू नका, मी आलो की चालू करायचं' असं बजावून गेलेले सर.

आता आत जाऊन तुमच्या जागेवर बसा. एकट्याने नाही, तिघांनी. आमच्या बॅचमध्ये आम्ही चोवीस जण होतो. मशीन बारा, त्यातली चालू आठ. म्हणजे एका मशीनला तिघं. तुमच्याकडे कदाचित दोघं असतील, कदाचित चौघं. पण भूमिका सगळीकडे ठरलेल्या. एक जण माऊसवाला. दुसरा सांगणारा, ज्याचा हात कशालाच लागत नाही पण तोंड थांबत नाही: 'अरे वर, वर, डावीकडे, नाही, मागे ये.' आणि तिसरा किंवा बहुतेक वेळा तिसरी, जर्नल लिहिणारी.

तुम्ही या तिघांतले कोण?

मी जर्नलवाली. एफवायच्या पहिल्या प्रॅक्टिकलला कुणीतरी म्हणालं, 'तुझं अक्षर मस्त आहे, तू लिही, आम्ही करतो.' मला तेव्हा ते कौतुकच वाटलं होतं. मग दोन वर्षं मी लिहीत राहिले. स्क्रीनवर आलेले आकडे उतरवून घ्यायचे, उद्देश, कृती, निष्कर्ष, समास आखून, हेडिंगला काळं पेन. माझं जर्नल सबमिशनच्या आदल्या दिवशी अख्ख्या वर्गात फिरायचं. झेरॉक्सवाल्या काकांनासुद्धा ते पाठ झालं असेल.

एसवायच्या वार्षिक प्रॅक्टिकलला मात्र एका मशीनवर एकच जण असतो. विषय स्टॅटिस्टिक्स. बाहेरच्या कॉलेजचे एक्सटर्नल आले होते. स्लिपवर दोन रकान्यांत आकडे, रिग्रेशनची रेषा काढा, आलेख काढा, सीट नंबरच्या नावाने फाइल सेव्ह करा. रिग्रेशन मला येत होतं. कागद दिला असता तर पंधरा मिनिटांत सोडवून दिलं असतं. मी एक्सेलमध्ये आकडे भरले, जर्नलमध्ये शंभरदा लिहिलेलं सूत्र टाइप केलं आणि एंटर मारलं. उत्तर येईना. सूत्र जसंच्या तसं त्या चौकटीत बसून राहिलं. पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. जवळजवळ दहा मिनिटं गेल्यावर कळलं, सूत्राच्या आधी बरोबरचं चिन्ह द्यावं लागतं. जर्नलमध्ये ते मी कधी लिहिलंच नव्हतं, कारण माऊसवाला ते न सांगता टाइप करायचा आणि मला तो वहीत उतरवण्याचा भाग वाटायचा नाही. मग आलेख. हवा होता ठिपक्यांचा, आला रेघांचा. मग फाइल सेव्ह केली ती नेमकी कुठे गेली, ते आजतागायत माहीत नाही.

एक्सटर्नल काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझं जर्नल उघडलं, पानं उलटली, मग स्क्रीनकडे बघितलं, मग पुन्हा जर्नलकडे.

पास झाले. पण त्यानंतर कुणी विचारलं की मी सांगायचे, 'मला ना कॉम्प्युटर फारसा आवडत नाही.' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. कदाचित म्हणालाही असाल. आर्ट्सवाले म्हणतात, मराठी मीडियमवाले म्हणतात, मुली जरा जास्त म्हणतात असं माझं निरीक्षण आहे. आणि आपण ते आवडीनिवडीसारखं म्हणतो, जणू कारलं आवडत नाही तसा कॉम्प्युटर आवडत नाही. पण कारलं नावडायलाही आधी एकदा खावं लागतं.

विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरबद्दल काय वाटतं, हे मोजायचा उद्योग तसा जुना आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या लॉइड आणि ग्रेसार्ड या दोन संशोधक बायकांनी त्यासाठी एक प्रश्नावली बनवली. तिच्यात मूळ तीन गोष्टी मोजल्या जायच्या: कॉम्प्युटरची धास्ती, कॉम्प्युटर हाताळण्याचा आत्मविश्वास आणि कॉम्प्युटरची आवड. तेव्हाच्या अभ्यासात त्यांना दिसलं की ज्यांनी मशीन जास्त वापरलंय, त्यांचा दृष्टिकोन जास्त चांगला. वाचताना वाटतं, हे सांगायला संशोधन कशाला हवं? पण आपल्या लॅबमध्ये आपण नेमकं उलटं धरून चालतो. 'त्याला आवडतं ना, त्याला करू दे.' त्याला आवडतं, कारण त्याच्या हाताला ते आधीपासून लागलंय.

आधीपासून म्हणजे कुठून? घरून. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे आकडे बघा: शहरी भागात २३.४ टक्के घरांत कॉम्प्युटर, ग्रामीण भागात ४.४ टक्के. कोविडच्या आधीचे आकडे आहेत, पण आज कॉलेजात असलेले आपण तेव्हाच शाळेत होतो. म्हणजे ज्याच्या घरी मशीन होतं, तो लॅबमध्ये आल्यावर साहजिकच माऊस धरणार, कारण त्याने धरला की प्रॅक्टिकल वीस मिनिटांत उरकतं आणि सगळ्यांना कँटीनला जाता येतं. ज्याच्या घरी नाही, तो लॅबमध्येही बघतच राहणार. वास्तविक लॅब ही दुसऱ्यासाठी जास्त गरजेची. यात माऊसवाल्याचा काही कट नसतो, हेही सांगून टाकते. आमचा माऊसवाला अत्यंत भला मुलगा होता. लॅबमध्ये त्याला आम्हीच माऊसवर बसवलं होतं.

'आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे की,' असं यावर हमखास कुणीतरी म्हणतं. आहे. आणि फोनवर आपण राजे आहोत. मी अख्खी असाइनमेंट फोनवर अंगठ्यांनी टाइप केली आहे, बसमध्ये, उभ्याने. पण फोनवर फाइल कुठे आहे, हे कधी बघावं लागत नाही. ती शेअर करायची असते, बस. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात फाइल, तिचं नाव आपण ठरवायचं, ही कल्पनाच फोनने आपल्यापासून लपवून ठेवली आहे. माझी हरवलेली फाइल आठवा.

आता लॅबमधून बाहेर या, चपला शोधा, आणि लेक्चरला चला. वर्गात प्रोजेक्टर. इथे माऊस सरांच्या हातात. दिवे बंद, पंखा चालू, दुपारी जेवणानंतरचं लेक्चर, आणि स्लाइडवर बारीक टायपात अख्खा परिच्छेद. सर तो वाचतात. आपण फोन काढून फोटो घेतो. शेवटच्या बाकावरून एक आवाज येतो: 'मॅम, पीपीटी ग्रुपवर टाका ना.' पीपीटी ग्रुपवर येते, चाळीस अंगठे येतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत ती कुणी उघडत नाही. उघडायला जावं तर व्हॉट्सॲप म्हणतं, फाइल आता उपलब्ध नाही.

मी लिहायला घेण्याआधी ओळखीच्या दहा-बारा जणांना विचारलं की वर्गात कॉम्प्युटर हवा का. सगळे हो म्हणाले. का हवा, असं विचारलं तर जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच निघालं, वेगवेगळ्या शब्दांत: लिहावं लागत नाही. काय करता येतं म्हणून नाही, काय करावं लागत नाही म्हणून. यावर हसू नका, मीही तेच म्हणाले असते. तीन तासांचा पेपर शेवटी हातानेच लिहायचा आहे, तिथे मनगट दुखतं, तर वर्षभर तरी सुटका हवी, असा सरळ हिशोब असतो.

मग ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी तो लेक्चरला आणावा का? आमच्या आताच्या वर्गात, म्हणजे पुण्यात एमएस्सीला, निम्मे जण आणतात. सर वैतागतात. एक मॅडम तर 'झाकणं बंद करा' म्हणूनच लेक्चर सुरू करतात. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, म्हणून मी जरा शोधलं की याबद्दल खरंच काय माहीत आहे.

कॅनडातला २०१३चा एक प्रयोग मला सगळ्यात लक्षात राहिला. विद्यार्थ्यांना लेक्चरला बसवलं, सगळे लॅपटॉपवर नोट्स घेत होते. त्यातल्या निम्म्यांना मधेमधे इकडची तिकडची ऑनलाइन कामं दिली, म्हणजे आपण लेक्चरमध्ये करतो तेच. नंतरच्या चाचणीत त्यांचे गुण ११ टक्के कमी. यात नवल नाही. पुढचं ऐका. दुसऱ्या प्रयोगात साध्या कागद-पेनवाल्यांना बसवलं, पण त्यातल्या काहींना अशा ठिकाणी की पुढच्याचा भटकणारा स्क्रीन त्यांच्या नजरेत येईल. त्यांचे गुण १७ टक्के कमी. म्हणजे क्रिकेटचा स्कोअर बघणारा राहिला बाजूला, त्याच्यामागे वही घेऊन बसलेली मुलगी जास्त बुडाली. तुम्ही लेक्चरला लॅपटॉप आणत असाल तर माझी एवढीच विनंती, मागच्या बाकावर बसा. सरांना संशय येईल, येऊ दे.

अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतही अर्थशास्त्राच्या वर्गांवर असाच अभ्यास झाला, तो २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या तुकड्यांना लॅपटॉपची परवानगी होती, त्यांचे अंतिम परीक्षेतले गुण बंदी असलेल्या तुकड्यांपेक्षा थोडे कमी भरले. लष्करी शिस्तीतले विद्यार्थी, तरी ही गत.

आणि तिसरा तो प्रसिद्ध अभ्यास, जो तुमच्या एखाद्या सरांनी वर्गात सांगितला असेल: हाताने नोट्स घेणाऱ्यांना विषय जास्त समजतो, टाइप करणारे नुसतं शब्दशः उतरवतात. म्युलर आणि ओपनहायमर, २०१४. हा खूप फिरला. पण गंमत अशी की २०२१मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला. टाइप करणारे शब्दशः उतरवतात, हे पुन्हा दिसलं. पण त्यामुळे चाचणीत मार मिळतो, हे काही ठामपणे दिसलं नाही. हा दुसरा अभ्यास मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. मला यातून एवढंच कळलं की प्रश्न पेन की कीबोर्ड असा नाहीच. मी दोन वर्षं पेनानेच लिहीत होते, सुंदर अक्षरात, शब्दशः. माझं जर्नल हा त्या २०१४च्या अभ्यासाला उलटा पुरावा आहे.

सीमोर पॅपर्ट नावाचे एक गणितज्ञ होते. १९६७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवली. शाळेत स्क्रीनवरचं ते कासव तुमच्यापैकी काहींनी चालवलं असेल. पुढे १९८०च्या त्यांच्या पुस्तकात त्यांची तक्रार अशी होती की बहुतेक शाळांत कॉम्प्युटर मुलाला चालवतो, खरं तर मुलाने कॉम्प्युटरला चालवायला हवं. चाळीसहून जास्त वर्षं झाली. आपल्या वर्गातली पीपीटी आपल्याला चालवते, लॅबमधला कॉम्प्युटर आपल्या बॅचमधल्या एकाला चालवू देतो, आणि बाकीचे दोघे प्रेक्षक.

पण बघूनही शिकता येतं की, असं तुम्ही म्हणाल. त्याचंही उदाहरण आपल्याच देशात आहे. १९९९ साली दिल्लीत कालकाजीला सुगत मित्रा यांनी भिंतीला भोक पाडून एक कॉम्प्युटर बसवला, पलीकडे झोपडवस्ती. शिक्षक नाही, काही नाही. मुलं जमली, एकमेकांना ओरडून सांगत शिकली. 'होल इन द वॉल' म्हणून हा प्रयोग जगभर गाजला. मात्र पुढे मार्क वॉर्शाउअर या अभ्यासकाने या प्रयोगाच्या ठिकाणी जाऊन पाहिलं तेव्हा इंटरनेट क्वचितच चालत होतं, हिंदीत फारसं काही नव्हतं, आणि मुलांचा बहुतेक वेळ चित्र काढण्यात आणि गेममध्ये जात होता, असं त्याने लिहिलं. दोघांपैकी कोण बरोबर, यावर अजून वाद चालतात. मला वाटतं, भोवती उभं राहून शिकता येतं, पण एका अटीवर: कधीतरी आपली पाळी येणार हे माहीत असायला हवं. माझी पाळी येणार नव्हती. म्हणून मी स्क्रीनकडे बघतच नव्हते, वहीकडे बघत होते.

एसवायच्या त्या प्रॅक्टिकलनंतर काय झालं ते सांगते. टीवायला आमच्याकडे नवीन मॅडम आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून सांगितलं, दर पंधरा मिनिटांनी खुर्च्या बदलायच्या. माऊसवाला उठेल, शेजारचा बसेल. जो माऊसवर नाही त्याने बोलायचं, पण माऊसला हात लावायचा नाही. हे त्यांच्या मनातलं नव्हतं, सॉफ्टवेअर कंपन्यांत 'पेअर प्रोग्रॅमिंग' म्हणून ही रीत नव्वदच्या दशकापासून आहे. तिथे माऊस-कीबोर्डवाल्याला ड्रायव्हर म्हणतात आणि बाजूच्याला नॅव्हिगेटर, आणि ते ठरावीक वेळाने जागा बदलतात. पगार घेणारे इंजिनीअर जे करतात, ते आम्ही तिघं एका खडखडणाऱ्या मशीनवर करायला लागलो.

पहिले काही आठवडे भयंकर गेले, खोटं कशाला सांगू. माझी पाळी आली की काम ठप्प व्हायचं. शेजारच्या मशीनवाल्यांचं झालेलं असायचं, आमचं अर्धंही नाही. माऊसवाल्याचे हात अक्षरशः शिवशिवायचे, तो स्वतःच्या मांडीखाली हात दाबून बसायचा. 'अगं, राइट क्लिक, राइट क्लिक' म्हणताना त्याचा आवाज चिरकायचा. एकदा मी चुकून सगळा डेटा उडवला, मॅडमनी पंधरा मिनिटांची वेळ वाढवून दिली नाही. तिघांचंही जर्नल त्या दिवशी अपुरं राहिलं. सांगणारा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

पण एक मजा झाली. जर्नल लिहायची पाळी माऊसवाल्यावर आली, तेव्हा त्याला निष्कर्षाच्या खाली काय लिहावं तेच कळेना. दोन वर्षं तो बटणं बरोबर दाबत होता आणि उत्तराचा अर्थ मी लावत होते. रेषेचा उतार ऋण आला म्हणजे काय, हे त्याला मी समजावलं, आणि फाइल कुठे सेव्ह होते ते त्याने मला. आम्ही दोघंही अर्धे होतो, हे दोघांनाही तेव्हाच कळलं.

लॅबचे काका हे या गोष्टीतलं दुसरं माणूस. कॉलेज साडेनऊला भरायचं. मी त्यांना विचारलं, थोडं आधी आले तर चालेल का. ते म्हणाले, 'झाडून होईपर्यंत बाहेर थांबायचं, मग बस.' आमच्या गावची एसटी सव्वाआठला पोचायची. साडेआठ ते साडेनऊ आठ मशीन आणि मी एकटी. कुणी बघायला नाही, कुणी 'डावीकडे' म्हणायला नाही. त्या तासाभरात मी वाट्टेल ती बटणं दाबली. काहीच बिघडलं नाही. एवढ्या वर्षांत माझी खरी भीती हीच होती, की आपल्या हातून काहीतरी बिघडेल आणि दंड भरावा लागेल. तुमचीही असेल तर सांगून ठेवते, फाइल उडते, मशीन बिघडत नाही.

कॉलेजांनी मशीन वाढवावीत, बंद पडलेली चार दुरुस्त करावीत, हे तर आहेच, त्यासाठी निवेदनं द्या, प्राचार्यांना भेटा. आमची चार मी पास होऊन बाहेर पडेपर्यंत कव्हरखालीच होती. पण पंधरा मिनिटांनी खुर्ची बदलायला कुठलं टेंडर निघावं लागत नाही.

माझी मावसबहीण यंदा त्याच कॉलेजात एफवायला आहे. मॅडमची बदली झालीये. परवा फोनवर तिने प्रॅक्टिकल सुरू झाल्याचं सांगितलं. मी विचारलं, 'मशीनवर किती जणी?'

'तिघं गं ताई.'

'आणि माऊस कुणाकडे असतो?'

'ते काय माहीत, मुलं बघतात. मला जर्नल दिलंय,' ती म्हणाली, आणि आवाजात मला ओळखीचं ते कौतुक ऐकू आलं. 'माझं अक्षर चांगलं आहे ना.'

मी तिला लॅबच्या काकांचं नाव सांगितलं, आणि सव्वाआठच्या एसटीचं.